गोवा ते लंडन : अंतर किती, वेळ किती आणि तिकिटावरचे तास कसे वाचावेत

फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी नोकरीनिमित्त लंडनला असते. ऑक्टोबरच्या मध्यावर ते दोघे पती-पत्नी प्रथमच तिच्याकडे जाऊन डिसेंबरात परतणार आहेत. गोवा ते लंडन हे हवाई अंतर इंटरनेटवर त्यांना एके ठिकाणी ७,५५०, दुसऱ्या ठिकाणी ४,६९० आणि तिसऱ्या ठिकाणी ४,०७५ असे दिसले. विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते असे धरले तर साडेआठ तासांत पोचायला हवे, मग तिकिटांवर तेरा तासांपासून बावीस तासांपर्यंतचे आकडे का येतात, हा त्यांचा पहिला प्रश्न. जाताना सव्वानऊ तास आणि येताना एकोणीस तास असे एकाच तिकिटावरून दिसते ते कसे, हा दुसरा. आणि साठी ओलांडलेल्या माणसांनी कोणता मार्ग धरावा, हा तिसरा. पणजीत परदेशी तिकिटांचे काम करताना हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर सतत येतात, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

आकड्यांचा घोळ लगेच मिटण्यासारखा आहे. ७,५५० हे किलोमीटर आहेत, ४,६९० हे जमिनीवरचे मैल आहेत आणि ४,०७५ हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, पृथ्वीच्या परिघाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग साधारण तेवढा भरतो. वैमानिक आणि नावाडी दोघेही याच मापात हिशोब करतात. म्हणजे तिन्ही संकेतस्थळे एकच अंतर सांगत आहेत. दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तरी त्याने गोंधळून जाऊ नये. कोणी पणजीपासून मोजतो, कोणी दाबोळीपासून, कोणी मोपापासून. तिकडेही कोणी हीथ्रोपर्यंत मोजतो तर कोणी गॅटविकपर्यंत. मोपा आणि दाबोळी यांच्यातच सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर आहेत.

आता हे साडेसात हजार किलोमीटर नेमके कोणत्या वाटेने मोजलेले आहेत ते पाहणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर गोव्यापासून लंडनपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान, सीरिया, भूमध्य समुद्राचा कोपरा अशी जाते. ही रेघ सरळ दिसत असली तरी सर्वांत जवळची नाही, कारण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. पृथ्वीगोलावर दोन्ही ठिकाणांना दोरा ताणून धरला तर तो बराच उत्तरेकडे सरकतो. गोव्याहून निघून तो वायव्येला अरबी समुद्रावरून कराचीच्या जवळून जातो, पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांताचा कोपरा कापतो, इराण तिरका ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या नैऋत्य काठाजवळून अरारात पर्वताच्या परिसरात येतो. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, ओडेसा, रुमानिया, स्लोव्हाकिया, चेक प्रजासत्ताक, जर्मनी, बेल्जियम आणि मग इंग्लंड. भूगोल शिकवलेल्या माणसाला हा मार्ग पृथ्वीगोलावर एकदा स्वतः तपासून पाहण्यात रस वाटेल.

मात्र या रेषेवरून आज कोणतेही प्रवासी विमान सरळ जाऊ शकत नाही. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, म्हणजे क्रिमिया आणि ओडेसा गेले. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि ती बंदी पुढे महिन्या-महिन्याने वाढवत नेली. त्याआधी बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच झाले होते. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यातील संघर्षाच्या दिवसांत इराण आणि इराकवरून जाणारे मार्ग बंद पडले, आणि २३ जून रोजी कतारनेही काही तास आपले आकाश बंद ठेवले होते. त्या रात्री दोहामार्गे निघालेल्या प्रवाशांचे जे हाल झाले ते आठवले की आजही मी आखाती मार्गाच्या प्रवाशांना हातातल्या बॅगेत औषधे आणि एक जोडी कपडे ठेवायला सांगतो.

तरीही गोव्याच्या बाबतीत या वळशांचा फटका लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. आपण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, तेही बरेच दक्षिणेला आहोत, त्यामुळे आपली सर्वांत जवळची रेषा पाकिस्तानचा फक्त कोपरा कापते. गोव्याहून मस्कतपर्यंत समुद्रावरून जाऊन तिथून लंडनची वाट धरली तरी एकूण अंतर ७,६६० किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरचीच भर. आकाशात हे अंतर आठ-दहा मिनिटांचे. इराणही टाळून सौदी अरेबिया, इजिप्त आणि भूमध्य समुद्रावरून जायची वेळ आली तर पाच-सहाशे किलोमीटर वाढतात आणि पाऊण तास जास्त लागतो. दिल्लीची गोष्ट वेगळी आहे. दिल्लीहून लंडनची जवळची वाट थेट पाकिस्तान आणि अफगाणिस्तानवरून जाते, त्यामुळे ती बंद झाली की दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना आधी दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावे लागते आणि प्रवास सुमारे तासाभराने लांबतो. परदेशी कंपन्यांना ती बंदी लागू नसल्याने एकाच दिवशी, एकाच दिल्लीहून, दोन कंपन्यांच्या विमानांचे तास वेगवेगळे दिसतात.

आता साडेआठ तासांच्या हिशोबाकडे येऊ. भागाकार चुकलेला नाही, पण त्यात तीन गोष्टी धरायच्या राहिल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत उभे राहणे, वर चढणे, शेवटी उतरण्याआधी वेग कमी करणे, हे सगळे त्यात येते. हीथ्रोवर गर्दीच्या वेळी विमानाला लंडनभोवतीच्या चार ठरलेल्या जागांपैकी एकीवर घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. अशा सगळ्या कामांत अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि कंपन्या तो वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याचा एक फाटा दक्षिणेला सरकून इराण आणि उत्तर भारतावर येतो आणि तिथे त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला जातो. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी असतो. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी साठ किलोमीटरचा वारा धरला तर जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८४० आणि येताना ९६० होतो. साडेसात हजार किलोमीटरच्या वाटेवर एवढ्यानेच तासाभराहून अधिक फरक पडतो. थेट विमानाला जाताना दहा तासांच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास लागतात ते यामुळे. 'पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून येताना लवकर पोचतो' असे अनेक सुशिक्षित माणसेही ठामपणे सांगतात, त्यात तथ्य नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, आणि तसे नसते तर पश्चिमेकडे जाणारे विमानच लवकर पोचले असते.

तिसरी गोष्ट, आणि सर्वांत मोठी, म्हणजे मधला थांबा. गोव्याहून लंडनला थेट विमान होते. एअर इंडियाने २०२३ मध्ये गोवा ते गॅटविक सेवा सुरू केली आणि ती त्याच वर्षी मोपाला हलली, पण जून २०२५ मध्ये कंपनीने ती स्थगित केली. हिवाळ्यात ब्रिटनहून पर्यटकांना घेऊन येणारी विमाने असतात, मात्र त्यांचे वेळापत्रक आणि विक्री तिकडच्या सुट्टीवाल्यांच्या सोयीने चालते. तिकीट काढायच्या दिवशी थेट सेवा आहे का, हे पाहावेच. असेल तर आपल्या वयाला दुसरा विचार करण्याची गरज नाही. नसेल तर थांबा कुठे घ्यायचा हा प्रश्न उरतो.

इथे ती दोऱ्याची रेषा पुन्हा उपयोगी पडते. थांब्याचे शहर त्या रेषेच्या जितके जवळ, तितका वळसा कमी. मुंबई जवळजवळ रेषेवरच आहे; मुंबईमार्गे गेल्यास एकूण अंतरात जेमतेम चाळीस किलोमीटरची भर पडते. दुबई आणि मस्कत यांनी शंभर-सव्वाशे, दोहाने दोनशेच्या थोडे वर. दिल्लीमार्गे सुमारे साडेसहाशे किलोमीटर वाढतात, आणि वर सांगितलेला वळसा असला तर त्याहून अधिक. बेंगळुरूमार्गे जाणे म्हणजे आधी पाठ फिरवून आग्नेयेला जायचे आणि मग गोव्याच्याच बाजूने परत पश्चिमेला यायचे. त्यात साडेनऊशे ते हजार किलोमीटर जातात. तिकीट स्वस्त असेल तर तरुण मुलांनी खुशाल जावे. जाता जाता, ज्यांचे नातेवाईक लिस्बनला आहेत त्यांच्यासाठी : गोवा ते लिस्बन हे अंतर ८,३२० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दुबई त्या वाटेवर इतकी नेमकी येते की तिथे थांबल्याने अंतर दहा किलोमीटरनेही वाढत नाही. याउलट 'लंडनला मुलीकडे दोन दिवस राहून पुढे लिस्बन' असे केले तर पावणेआठशे ते आठशे किलोमीटर जास्त पडतात.

पण अंतराची भर कमी म्हणून मुंबई आपोआप पहिली ठरत नाही, कारण थांब्यावर काय करावे लागते ते त्याहून महत्त्वाचे आहे. मुंबईत देशांतर्गत विमानांपैकी काही टर्मिनल एकवर उतरतात आणि लंडनची विमाने टर्मिनल दोनवरून सुटतात. दोन्हींच्या मध्ये मुंबईचा रस्ता आहे. सामान काढायचे, गाडीने दुसरीकडे जायचे, पुन्हा चेक-इन, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. या सगळ्याला चार तास हाताशी हवेत. दोन्ही विमाने टर्मिनल दोनचीच असली आणि तिकीट एकाच पीएनआरवर असले तर काम बरेच हलके होते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणाऱ्यांना मी धुक्याची आठवण नेहमी करून देतो. पहाटेची विमाने तासन्‌तास रखडतात आणि पुढचे विमान हुकते. जुन्या सवयीने काही मंडळी अजूनही मडगावहून रात्रीची कोकणकन्या धरून मुंबईला जातात आणि तिथून विमान घेतात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्यावर तो मोठाच आधार वाटला होता, पण पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि एकूण प्रवासात बारा-चौदा तासांची भर पडते. परदेशी विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईला पोचायचे असेल तरच हा मार्ग धरावा.

आखाती शहरांत मात्र आपण भारताबाहेर आलेले असतो. इमिग्रेशन गोव्यातच आटोपलेले असते, सामान थेट लंडनला जाते, आणि तिथे फक्त सुरक्षा तपासणी करून दुसऱ्या दारापर्यंत चालायचे असते. हे चालणे दोहा-दुबईसारख्या विमानतळांवर एक किलोमीटरही असू शकते. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची विनंती नोंदवून घ्यावी. ती मोफत असते, आणि ती मागण्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

आता जाताना सव्वानऊ आणि येताना एकोणीस तासांचे कोडे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते, हे एवढेच त्याचे उत्तर आहे, पण ते एकदा हाताने सोडवून पाहिल्याशिवाय मनात बसत नाही. नमुन्यादाखल एक तिकीट घेऊ. गोव्याहून पहाटे ०४:२० ला सुटून विमान दोहाला ०५:५५ ला पोचते. वरवर पाहता दीड तास झाला. दोहाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, म्हणजे ०५:५५ ला आपल्याकडे ०८:२५ वाजलेले असतात आणि प्रवास झालेला असतो चार तास पाच मिनिटांचा. तिथे दोन तास वीस मिनिटे थांबून ०८:१५ ला दुसरे विमान निघते आणि लंडनला दुपारी १३:३५ ला पोचते. ऑक्टोबरच्या मध्यावर लंडनमध्ये उन्हाळी वेळ चालू असते, तेव्हा त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे १८:०५ झाले. ०४:२० ते १८:०५, एकूण पावणेचौदा तास.

आता डिसेंबरातली परतीची वाट. लंडनहून दुपारी १५:१० ला निघून विमान दोहाला मध्यरात्रीनंतर ००:५० ला पोचते, ०४:०० ला दुसरे सुटते आणि गोव्याला सकाळी १०:१० ला उतरते. कागदावर एकोणीस तास. परंतु डिसेंबरात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तेवढे वजा केले की साडेतेरा तास उरतात. म्हणजे ज्या दोन आकड्यांत दुपटीचा फरक दिसत होता ते प्रत्यक्षात पाव तासाच्या अंतराने जवळपास सारखेच आहेत. नियम सोपा आहे : जाताना कागदावरच्या फरकात घड्याळांचे अंतर मिळवायचे आणि येताना ते वजा करायचे. बुकिंगच्या पानावर एकूण प्रवासकाळ म्हणून वेगळा आकडा दिलेला असतो, तो हा हिशोब करूनच दिलेला असतो; तिकिटे पडताळताना तोच पाहावा.

पहाटेच्या विमानांबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे तिकिटे वाया गेलेली पाहिली आहेत. १५ तारखेचे ०४:२० चे विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री घरातून निघायचे. १५ ला रात्री जेवूनखाऊन, देवाला नमस्कार करून, सगळ्या कुटुंबासह विमानतळावर येणारे लोक असतात, आणि काउंटरवर त्यांना विमान काल गेल्याचे कळते. कॅलेंडरवर खूण विमानाच्या तारखेवर न करता घर सोडण्याच्या तारखेवर करावी.

यावरूनच दारापासून दारापर्यंतचा हिशोब निघतो, आणि माझ्या मते वयस्क प्रवाशांनी खरा तोच पाहावा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचे असते. फोंड्याहून मोपा साठ-पासष्ट किलोमीटर आहे, रात्री दीड तासात होते, पण पर्वरीला वाहने अडली तर दोन तास धरावेत. म्हणजे ०४:२० च्या विमानासाठी आदल्या रात्री अकराच्या सुमारास घर सोडायचे. लंडनला १३:३५ ला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत तास-दीड तास जातो, पुढे मुलीच्या घरापर्यंत आणखी तासभर. दार उघडेपर्यंत तिकडे दुपारचे चार आणि आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. एकूण साडेएकवीस तास. त्यांतले हवेतले साडेअकराही नाहीत. म्हणून विमानाच्या वेळेत वीस मिनिटे वाचवणारे तिकीट शोधण्यापेक्षा दोन्ही टोकांचे विमानतळ नीट निवडण्याने अधिक फायदा होतो.

आपल्या टोकाला मोपा आणि दाबोळी असे दोन पर्याय आहेत. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमानांसाठी खुला झाला आणि त्यानंतर आखाताकडे जाणाऱ्या काही कंपन्या तिकडे गेल्या, काही दाबोळीलाच राहिल्या. पेडणे, बार्देश, डिचोली आणि पलीकडचे सावंतवाडी-बांदा यांना मोपा घरच्यासारखा जवळ. काणकोणच्या माणसाला तो शंभर किलोमीटरच्या पलीकडे. फोंड्याहून दाबोळी चाळीसेक किलोमीटर, म्हणजे बराच जवळ, पण त्यासाठी थांब्यावर दोन तास जास्त घालवू नयेत. तिकिटावर विमानतळाचे सांकेतिक नाव जरूर वाचावे : जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. जाताना एक आणि येताना दुसरा असे तिकीट चुकून निघते तेव्हा गाडी ठेवून गेलेल्या माणसाला साठ-पासष्ट किलोमीटरचा हेलपाटा पडतो.

लंडनच्या टोकाला हीथ्रो शहराच्या पश्चिमेला, मध्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि गॅटविक दक्षिणेला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर. मुलगी शहराच्या दक्षिणेला राहत असेल तर गॅटविक सोयीचे ठरू शकते. उत्तरेला किंवा पश्चिमेला राहत असेल तर हीथ्रोच घ्यावे. हे तिलाच विचारावे, एजंटाला नको. आम्हाला भाडे दिसते, तिच्या दारातली बस दिसत नाही.

थांबा किती तासांचा असावा, यावर माझे मत ठाम आहे. आखाती शहरात एकाच तिकिटावर दोन ते साडेतीन तास हा चांगला थांबा. पाऊण-एक तासाचे थांबेही विकले जातात आणि कंपनीच्या नियमांत ते बसतात, परंतु पहिले विमान अर्धा तास उशिरा आले की तुम्हाला पळावे लागते. साठीनंतर असे पळून पैसे वाचवू नयेत. उलट बावीस तासांचे जे तिकीट तुम्हाला दिसले त्यात दहा-अकरा तास खुर्चीवर काढायचे असतात; त्यातून वाचलेले पाच-सात हजार रुपये पाय सुजण्यात आणि जागरणात जातात. आणखी एक पथ्य : दोन वेगवेगळी तिकिटे जोडून स्वस्त प्रवास करण्याचा सल्ला एखादा भाचा-पुतण्या देईल, तो ऐकू नये. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते, सामान मध्येच उतरवून पुन्हा चढवावे लागते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

तेव्हा आपणा दोघांसाठी माझी पसंती अशी : थेट सेवा चालू असेल तर ती, नसेल तर दोहा, मस्कत किंवा दुबई यांपैकी जिथे गोव्यापासून लंडनपर्यंत एकच तिकीट मिळते आणि थांबा अडीच-तीन तासांचा आहे तो मार्ग, आखातात तणाव असेल तर मुंबईमार्गे, दोन्ही विमाने टर्मिनल दोनची पाहून, एकाच पीएनआरवर. दिल्ली त्यानंतर. बेंगळुरू या वयात नको.

परतीच्या तिकिटाबाबत एक काळजी घ्यावी. ब्रिटनची घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रकही त्याच दिवशी सुरू होते. आपले जाणे त्या रविवारच्या आधी आणि येणे नंतर आहे, त्यामुळे आज तिकिटावर छापलेली डिसेंबरची वेळ पाच-दहा मिनिटांनी किंवा कधी दोन-तीन तासांनीही बदलू शकते. कंपनी तसा ईमेल पाठवते, पण तो तिकीट काढताना दिलेल्या पत्त्यावर जातो, आणि पुष्कळदा तो पत्ता एजंटाचा असतो. म्हणून तिकीट काढताना मुलीचा ईमेल आणि तिचा मोबाईल क्रमांक नोंदवावा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पीएनआर टाकून परतीच्या वेळा तिच्याकडून एकदा तपासून घ्याव्यात. थांब्यावरचा वेळ दीड तासाच्या खाली आलेला दिसला तर कंपनीकडून पुढचे विमान मागून घ्यावे. वेळ त्यांनी बदललेली असल्यामुळे एवढ्या बदलासाठी सहसा वेगळे पैसे पडत नाहीत.